अधिक आठ

“बोट दे,” हे म्हणाले.

मी पांघरुणातून हात बाहेर काढला. अंगात एकशे तीन ताप होता, सांधा न् सांधा ठणकत होता, आणि बोट पुढे करण्याचाही मला कंटाळा आला होता. पण यांच्या हातात मोजण्याचं काहीही आलं की ते वापरल्याशिवाय यांना चैन पडत नाही, हे मला तीस वर्षांत पाठ झालं होतं. मुलीने कुरिअरने पाठवलेलं, रक्तातला प्राणवायू मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र यांनी माझ्या बोटाला लावलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत डोळे बारीक करून पाहत राहिले.

“सत्त्याण्णव.”

“म्हणजे?”

“म्हणजे उत्तम. सोबतच्या कागदावर लिहिलंय, चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर डॉक्टर गाठा.”

“मी इथे मरायला टेकलेय आणि ते म्हणतंय उत्तम?”

“तेच तर म्हणतो मी.” यांनी यंत्र काढून स्वतःच्या बोटाला लावलं. एकोणनव्वद. काढलं, फुंकर मारली, रुमालाने पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा एकोणनव्वद. मधलं बोट झालं, अंगठा झाला, दुसरा हात झाला. आकडा काही हलेना. मग यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. एखाद्या दुकानातला काटा चुकीचा निघाला की हे असेच दिसायचे.

“दोष आहे यंत्रात,” हे म्हणाले.

हे वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे. औषधं तोलायच्या, नुसत्या श्वासाने हलणाऱ्या काट्यापासून ते आख्खा मालट्रक उभा करायच्या काट्यापर्यंत सगळे काटे यांच्या हाताखालून गेलेले. गल्लीत यांना कुणी नावाने ओळखत नाही, काटेवाले म्हणतात. मखमलीच्या खाचा असलेल्या पेटीत यांची पितळी वजनं असायची. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाच्या घामाचंसुद्धा वजन होतं. लग्नानंतर आठच दिवसांत मी ती पेटी फडक्याने पुसायला घेतली होती. तेव्हा यांनी जो आवाज काढला तसा पुढे कधी काढला नाही.

यांच्या मते जगात खरं बोलणारं यंत्र नव्हतंच. प्रत्येकाला काही ना काही खोड. खोड काढता आली तर काढायची. नाही निघाली तर किती आहे ते मोजायचं, कागदावर लिहायचं आणि दर वेळी तेवढं मिळवायचं किंवा वजा करायचं. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ‘उणे दोन ग्रॅम’ अशी चिठ्ठी होती. भिंतीवरच्या घड्याळाखाली ‘अधिक चार मिनिटे’ अशी. पाहुणे घड्याळाकडे बघायचे, मग चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे. मी म्हणायचे, “माझ्यावर अजून लावली नाही, उपकार समजा.”

तर त्या दिवशी माझ्या पलंगाच्या कडेवर बसून यांनी मला यंत्राची खोड समजावून सांगितली. तापाने माझं डोकं फुटत होतं.

“हे यंत्र बोटातून उजेड आरपार सोडतं. तुझं बोट बारीक, कातडी पातळ. माझं बघ. पस्तीस वर्षं कानस आणि पितळ. या घट्ट्यातून उजेड जाईल कसा? म्हणून कमी दाखवतंय. तू एवढी आजारी असून सत्त्याण्णव, म्हणजे मी तेवढा तरी असणारच. फरक आठचा. माझ्या बोटापुरती दुरुस्ती, अधिक आठ.”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. कुणी मला म्हणायला लावलं नव्हतं. एवढी तापलेली बाई समोर पडलेली असताना, नुसता कोरडा खोकला आणि जरा अंग दुखणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त आजारी आहे, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का? यांनी खिशातली वही काढली. उपकरण, तारीख, वाचन, दुरुस्ती असे रकाने आखले आणि लिहिलं, एकोणनव्वद अधिक आठ, सत्त्याण्णव.

आता यांच्या सर्दीबद्दल सांगायला हवं. कारण चूक एकट्या वहीची नव्हती.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, मीटर पाण्याशिवाय फिरतं. दिवसभर लोक माझ्यासमोर तावातावाने बोलतात आणि मी त्यांना क्रमांक देते. तक्रारी ऐकून ऐकून माझे कान किटतात. आणि घरी आलं की हे. एरवी तोंडातून ब्र न काढणारा माणूस, पण नाक वाहायला लागलं की घर डोक्यावर. कानाला मफलर, पायात दोन दोन मोजे, उशाशी तीन प्रकारच्या गोळ्या, आणि दर दहा मिनिटांनी आतून हाक, “अगं, बरं नाही वाटत गं.” मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, “तक्रार नोंदवली. क्रमांक सतरा. वाट पाहा.”

मुलगी लहानपणापासून यात सामील. ती कागदाच्या कपट्यावर क्रमांक लिहून यांच्या पांघरुणावर ठेवून यायची. मला सर्दीताप झाला की तिसऱ्या दिवशी मी कामावर, आणि तोच यांना झाला की नऊ दिवस अंथरुणात. “एकच जंतू,” मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “पण बायकांना चावतो आणि पुरुषांना गिळतो.” सगळे हसायचे. हेही हसायचे, पण हसून झालं की पांघरूण नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करायचे.

या वेळी मात्र यांनी तक्रार केली नाही.

हिवाळ्यातली साथ होती. आमच्या कार्यालयातले निम्मे लोक घरी पडले होते आणि ताप मीच घरात आणला होता. पहिल्याच दिवशी मी जमीनदोस्त. हे दुसऱ्या दिवसापासून खोकत होते, पण खोकायचं झालं की स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे. मला आवाज कळू नये म्हणून. मला तो कळायचा. दोन दोन तासांनी कपाळावर ओली घडी, गोळी, कोमट पाणी, मऊ भात. मीठ तेवढं काट्यावर तोलून घातल्यासारखं कमी. मी विचारायचे, “तुम्हाला कसं वाटतंय?” तर म्हणायचे, “मला काय धाड भरलीय?”

मला बरं वाटायचं. खरं सांगते, तापातसुद्धा बरं वाटायचं. तीस वर्षांत पहिल्यांदा आजारी मी होते आणि उठबस हे करत होते.

मुलीचा फोन रोज सकाळी यायचा. तिच्याही घरी ताप शिरला होता, दोन्ही पोरं पडली होती, त्यामुळे तिला निघता येत नव्हतं.

“बाबा कसे आहेत?”

“ठणठणीत. माझी सेवा करताहेत.”

“बाबा? सेवा?” ती हसत सुटली. “आई, फोटो काढून पाठव. नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि त्यांचा ऑक्सिजन?”

“शहाण्णव,” दारातून हे म्हणाले. खोटं नव्हतं. वहीत तसंच होतं. अठ्ठ्याऐंशी अधिक आठ, शहाण्णव.

चौथ्या दिवशी शहाऐंशी होते, म्हणजे चौऱ्याण्णव. कागदावरची रेघ चौऱ्याण्णवचीच होती आणि हे रेघेच्या बरोबर वर उभे होते. त्या दिवशी भात झाला नाही. हे म्हणाले, आज आपण टोस्टच खाऊ. मी म्हटलं, चालेल. पलंगापासून स्वयंपाकघर अकरा पावलांवर आहे. तेवढं चालून आल्यावर हे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि मी विचारायच्या आत म्हणाले, “कॅलेंडर बघतोय.” कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं खरं.

पाचव्या दिवशी सकाळी मला घाम फुटून जाग आली. अंग हलकं झालं होतं, ताप उतरला होता. स्वतःच्या पायांनी उठले, भिंतीचा आधार घेत बाहेर आले. मनात होतं की आज चहा आपण करून द्यायचा, जरा थट्टाही करायची, परिचारकाला सुट्टी म्हणून.

हे खिडकीशी खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे वाकून. खांदे वरखाली होत होते.

“उठलीस?” हे म्हणाले. थांबले. “चहा...” पुन्हा थांबले. “...करतो.”

एक वाक्य तीन तुकड्यांत. ओठांचा रंग उडाला होता आणि त्यात निळं काहीतरी मिसळलं होतं. तेवढ्यात माझी नजर यांच्या मांडीवरच्या वहीकडे गेली. त्या सकाळची ओळ होती, त्र्याऐंशी अधिक आठ, एक्क्याण्णव. तिच्याखाली वाकड्या अक्षरात, ‘दुरुस्ती पुन्हा तपासावी. बहुधा अधिक अकरा.’

त्र्याऐंशीपेक्षा मला त्या अकराने घाबरवलं. काटा बदलला तरी दुरुस्ती मनाने बदलायची नाही, यावरून हे मोठमोठ्या कारखानदारांशी भांडलेले. एकदा एका मालकाने हसत हसत सुचवलं होतं की आकडा जरा इकडचा तिकडे करा. हे पेटी उचलून चालते झाले होते आणि पुन्हा त्या फाटकात गेले नाहीत. अशा माणसाने आज स्वतःच सोयीचा आकडा लिहिला होता. म्हणजे यांना कळलं होतं. यांना सगळं कळलं होतं आणि हे घाबरले होते, आणि मला सांगायचं सोडून वहीला सांगत बसले होते.

रुग्णवाहिकेला फोन मी केला. हे नको नको म्हणत होते, पण नको म्हणायलाही श्वास लागतो.

हॉस्पिटलात घेतल्या घेतल्या नर्सने तिचं यंत्र यांच्या बोटाला लावलं. चौऱ्याहत्तर.

“यंत्र...” हे म्हणाले, “कधी तपासलं होतं?”

“काय म्हणतात काका?” नर्सने मला विचारलं. ती हातातली नळी सोडवत होती.

“विचारताहेत, तुमचं यंत्र बरोबर आहे का.”

कुणी चिडलं असतं. ती चिडली नाही. तिने यंत्र स्वतःच्या बोटाला लावून यांच्या डोळ्यांसमोर धरलं. अठ्ठ्याण्णव. मग न बोलता माझं बोट ओढलं आणि त्यावर लावलं. सत्त्याण्णव. मग पुन्हा यांच्या बोटाला. चौऱ्याहत्तर.

“तुमचे हात कामाचे आहेत, पण माझ्या वडिलांचेही असेच आहेत,” ती म्हणाली. “त्यांना लावते मी हेच. नीट दाखवतं.”

हे माझ्या बोटाकडे पाहत राहिले. “घरी पण... सत्त्याण्णव?”

“हो.”

“तुझं... दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

दोन वेगळी यंत्रं एकाच वस्तूचं एकच माप सांगत असतील तर त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. हे यांनीच मला शिकवलं होतं. यांनी हात पुढे केला. नर्सला वाटलं पाणी हवंय. मला कळलं. मी पिशवीतून वही काढून दिली, पेन दिलं. प्राणवायूची नळी नाकाला लावत असताना यांनी वही छातीवर धरली आणि त्या चारही नोंदींवर एकेक आडवी रेघ मारली. यांच्या कामात चुकीची नोंद गिरवून काळी करायची नसते, खोडायची तर मुळीच नसते. चूक खालून वाचता आली पाहिजे, अशी एकच रेघ, आणि शेजारी सही. चार रेघा, चार सह्या. शेवटची सही अर्धीच झाली, कारण तोपर्यंत खाट ढकलायला माणसं आली.

आत नातेवाइकांना सोडत नव्हते. वॉर्डाच्या दाराबाहेरच्या बोळात लोखंडी बाक होते, त्यावर बसायचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, डोळ्यांखाली काळं. फुप्फुसं दोन्ही बाजूंनी भरलीत, त्या म्हणाल्या, आम्ही प्रयत्न करतोय. मी ऐकून घेतलं आणि मला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

“आजारी मी होते हो. एकशे तीन ताप मला होता. त्यांना काहीच नव्हतं.”

“तुमच्या शरीराने आरडाओरडा वेळेवर केला,” त्या म्हणाल्या. “ताप, अंगदुखी, ते सगळं शरीर लढतंय म्हणून होतं. काकांच्यात ती लढाई उशिरा सुरू झाली असावी. तोवर विषाणू खाली उतरला.”

“पण असं का?”

“नक्की सांगता येत नाही काकू. या वॉर्डात चोवीस खाटा आहेत, आज त्यातल्या सतरांवर पुरुष आहेत. ताप बायकांनाही तितकाच येतो, बायकाही जातात. आणि बऱ्या झाल्यावर महिनोन्महिने थकवा घेऊन बसतात त्यात बायका पुष्कळ दिसतात, तेव्हा तुम्हीही जपा. पण अशा साथीत फार खालावून येतात ते जास्त करून पुरुष. प्रतिकाराची घडण वेगळी असते, हार्मोन्स असतात, कुणाची व्यसनं असतात, आणि हो, उशिरा येणं असतं.”

“यांना सुपारीचंही व्यसन नाही.”

“तरीसुद्धा,” त्या म्हणाल्या.

मग मी म्हणाले, “यांना साधी सर्दी झाली तरी नऊ दिवस लागायचे. मला तीन. आम्ही सगळे हसायचो यांना. सोंग करतात म्हणायचो.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून डोळे वर केले. “कदाचित सोंग नसेलही.”

“म्हणजे ते नऊ दिवस खरे होते?”

“कदाचित, म्हटलं मी.” त्या जायला वळल्या, मग थांबल्या. “सगळ्याच घरांत हसतात काकू. मीही हसते, माझ्या वडिलांना.”

त्या आत गेल्या आणि मी तीस वर्षांच्या सर्द्या आठवत बसले. एवढे क्रमांक दिले, एकदाही जाऊन कपाळाला हात लावून पाहिला नव्हता. पाहिला असेल, पण हसत हसत. आणि या खेपेला खरोखर बोलायची वेळ आली तेव्हा हा माणूस नळ सोडून खोकला. का ते मला पक्कं ठाऊक होतं. मी आजारी असताना आपण आपलं रडगाणं लावलं तर ही काय म्हणेल, हे यांना माझ्या आवाजात ऐकू आलं असणार.

बाकावर आम्ही बायकाच होतो. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा मुलगा आत होता. बाकी सगळ्या बायका. माझ्या शेजारी एका बसड्रायव्हरची बायको, हिरवी शाल पांघरलेली, बोलायला फटकळ. पलीकडे एका शिंप्याची आई. त्यांच्यापलीकडे गोठल्यासारखी बसलेली एक तरुण मुलगी, तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थर्मासमधला चहा सगळ्यांत फिरायचा आणि त्याच्याबरोबर एकच गोष्ट फिरायची.

“आमचे तर आदल्या दिवशी गाडी घेऊन गेले होते,” शालवाली म्हणाली. “मी म्हटलं, अहो धाप लागतेय तुम्हाला. तर म्हणे जिना चढून आलोय. अगं, आम्ही तळमजल्यावर राहतो.”

आम्ही हसलो. शिंप्याची आईसुद्धा हसली. तिच्या मुलाने कापडावर खडूने खुणा करता करता मान टाकली होती आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाला होता, टाका चुकला. मी वहीचं सांगितलं. अधिक आठचं. शालवाली हसायला लागली आणि मधेच थांबली, माझ्याकडे बघून.

“हसा,” मी म्हणाले. “आहेच ते हसण्यासारखं.”

रोज चारच्या सुमाराला नर्स आतून फोन लावून द्यायची. मी दाराबाहेर, हे दारापलीकडे वीस पावलांवर, आणि मध्ये फोन. तोंडावर मास्क असल्यामुळे यांचं बोलणं पेटीतून आल्यासारखं यायचं. बहुतेक वेळा मीच बोलायचे. घड्याळ बंद पडलंय, मुलीची पोरं उठून खेळायला लागलीत, शेजारच्यांनी कपडे आणून दिले. हे हं म्हणायचे.

हॉस्पिटलातल्या सातव्या दिवशी नर्स आधी मला म्हणाली, “आज घशात नळी घालणार आहेत काकू. मग बोलता येणार नाही. आत्ता बोलून घ्या.”

“अगं,” हे म्हणाले. मग बराच वेळ नुसता हवेचा आवाज. “बरं नाही वाटत गं.”

या आजारात पहिल्यांदाच म्हणाले ते. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण रडले असते तर यांना काळजी लागली असती.

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. “फार त्रास होतोय ना तुम्हाला? मी दाराशीच आहे. कुठेही जात नाही.”

“तुझा... ताप?”

“गेला.”

“मोजलास?”

“मोजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.”

हवेचा आवाज. मग, “आपला थर्मामीटर... दोन दशांश... जास्त दाखवतो. वजा कर.”

“केले.”

“मग... ठीक आहे,” हे म्हणाले. नर्सने फोन काढून घेतला.

पुढचे दोन दिवस मी बाकावर बसले. दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तीच नर्स बाहेर आली. तिने नेहमीसारखा दारातूनच खाटेचा नंबर पुकारला नाही. माझ्यापर्यंत चालत आली, वाकली आणि म्हणाली, “काकू, आत या.” आत सोडत नव्हते आणि आज आत बोलावत होते, तेव्हा मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. यांचा हात अजून गरम होता. मी त्या घट्ट्यांवरून बोट फिरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांना शेवटी त्रास झाला नाही. मी त्यांना विचारलं नाही की हे कशावरून. यांनी विचारलं असतं.

कागद झाले, सह्या झाल्या. नर्सने एक प्लास्टिकची पिशवी दिली. चष्मा, चपला, स्वेटर, वही. मुलगी सकाळच्याच गाडीने निघाली होती, पोचायला दुपार होणार होती. तोवर मी कुठे जायचं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मी बाहेर आले. शालवालीने थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला, माझ्या हातात दिला आणि माझ्या जागेवर ठेवलेली तिची पिशवी उचलली. मी बसले. तरुण मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाहिल्यावर तिने मान फिरवली. तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मीही फिरवली असती.

फरशी पुसणारी बाई येऊन गेली. अकराच्या सुमाराला बोळाच्या टोकाकडून एक बाई आली. चाळिशीची असेल. केस धड विंचरलेले नव्हते, एका हातात फुगलेली पिशवी, दुसऱ्या हातात पुरुषाचं कोरं करकरीत पांघरूण, घडीसुद्धा न मोडलेलं. दाराशी थांबून तिने आत डोकावायचा प्रयत्न केला, मग आमच्याकडे वळली. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं ओशाळं हसली.

“आमच्या यांना आणलंय,” ती म्हणाली. “तसं काही नाहीये त्यांना. नुसतं बघायला ठेवलंय, एक दिवस. ते तर स्वतःच चालत आले.”

शालवालीने माझ्याकडे पाहिलं. त्या नव्या बाईला काय सांगायचं ते मला माहीत होतं, आणि ते आज सांगून तिला काही उपयोग नव्हता. तिला बसायला जागा मात्र हवी होती.

“बसा,” मी म्हणाले आणि भिंतीकडे सरकले. ती कडेवर अवघडून टेकली. फरशी अजून ओली होती, म्हणून तिची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली, यांच्या पिशवीवर.